हुरड्याच्या दिवसांतलं युरेनियम

दौलताबादच्या रस्त्याला पडेगावच्या पुढे हुरडा पार्टीच्या पाट्या लागल्या की मला समजतं, संक्रांत जवळ आली. पाट्यांवर दरवर्षी तेच असतं: गरम हुरडा, बैलगाडीची सफर, झोका, सेल्फी पॉइंट. यंदा एकीवर 'अनलिमिटेड' असंही वाचलं. अनलिमिटेड हुरडा खाणाऱ्याच्या पोटाचं पुढं काय होतं, ते त्या पाटीवाल्यानं एकदा आमच्या मोठ्याईला विचारायला हवं. मी कॉलेजातून परतताना मुद्दाम गाडी हळू करते, कारण रस्त्याच्या कडेला कुठंतरी आगटी पेटलेली असते आणि गोवऱ्यांचा धूर आडवा येतो. त्या धुरात कोवळ्या कणसाचा करपट, गोड वास असतो. तो नाकात शिरला की भूक लागायच्या आधी मला युरेनियम आठवतं.

हसायला हरकत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे हसतातच. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि गेली पंचवीस वर्षं अणूच्या गाभ्याचं नाव काढलं की माझा तास लांबतो, पुढच्या तासाचे सर दाराशी येऊन घड्याळ बघत उभे राहतात. पण हुरडा आणि युरेनियम यांची जी गाठ माझ्या मनात पडली, ती वर्गात पडलेली नाही. ती तीन वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत, देवगाव रंगारीच्या आतल्या बाजूला असलेल्या आमच्या गावी, नानांच्या वावरात पडली.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते, किसननाना. मोठ्याई त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे लहानपणापासून त्यांच्या वावरातलं पहिलं कणीस माझं असे. आणि त्या हंगामात ते वावरच जाणार की राहणार, असा प्रश्न उभा राहिला होता.

पण आधी आफरीनबद्दल सांगायला हवं. आफरीन तेव्हा अकरावीत होती, बोलण्यात चुणचुणीत. वादविवाद स्पर्धेला कॉलेजकडून तिचं नाव गेलं होतं. विषय होता, 'विजेसाठी अणुऊर्जेला पर्याय नाही'. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तिच्या वाट्याला अनुकूल बाजू आली. ती चिठ्ठी घेऊन रडवेली माझ्यापुढं उभी राहिली. तिला प्रतिकूल हवी होती. प्रतिकूल बाजू सोपी, दोन जुन्या अपघातांची नावं घ्यायची, आवाज थोडा खाली आणायचा, सभागृह गप्प होतं. माझ्या मात्र हातात माकडाच्या हाती कोलीत द्यावं तसा तो विषय पडला. मी तिला म्हटलं, रोज अर्धा तास ये, रडायचं काम नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्यापुढं खडूचा एक तुकडा मोडून ठेवला, करंगळीच्या पेराएवढा. हे मी वर्गातही करते. म्हटलं, अणुभट्टीत जाते ती युरेनियमची गोळी एवढीच असते. काळपट, साधी, टेबलावर ठेवली तर कुणी उचलणारही नाही. भट्टीत जाण्याआधी ती नुसत्या हातमोज्यानं धरता येते. आणि ढोबळ हिशोबानं ही एवढीशी गोळी टनभर कोळशाचं काम करते. आफरीन त्या खडूकडं बघत राहिली. मग तिनं तो दोन बोटांत उचलला, वजन बघितल्यासारखा तोलला आणि हळूच परत ठेवला. ते बघून मला फार बरं वाटलं. अजूनही कुणी मुलगी तो खडू हळूच परत ठेवते तेव्हा माझा दिवस चांगला जातो.

कारण ही गोष्ट खरोखर विश्वास न बसण्यासारखी आहे. भाकरीचे दोन तुकडे करा. दोन्हींचं वजन मिळून अख्ख्या भाकरीएवढंच भरणार. पण युरेनियमच्या अणूचा गाभा फुटला की तुकड्यांचं वजन आधीच्यापेक्षा किंचित कमी भरतं. ते कमी झालेलं गेलं कुठं? कुठं सांडलं नाही, कुणी खाल्लं नाही. त्याची आग झाली. पदार्थ होता तो उष्णता झाला. हे फळ्यावर मी शेकडो वेळा लिहिलं असेल, आणि दरवेळी समीकरणाच्या शेवटी माझा हात क्षणभर थांबतो.

कोळशाबद्दल मला आफरीनला फारसं सांगावं लागलं नाही. तिचे मामा मराठवाड्यातल्याच एका औष्णिक केंद्राजवळ राहतात. तिथं वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय घरात आणत नाहीत, हे तिनंच मला सांगितलं. रेल्वेच्या वाघिणींमागून वाघिणी कोळसा येतो, जळतो, आणि राख कापसाच्या बोंडांवर बसते. अणूच्या अपघाताची बातमी जगभर होते. कोळशाच्या धुरानं खोकत गेलेल्या माणसाची बातमी होत नाही, त्याच्या घरात फक्त एक बाज रिकामी होते. अशी माणसं मोजली तर कितीतरी जास्त भरतात. आफरीननं हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

धरणाचं मी सांगितलं. माझ्या आईचं आजोळ नाथसागराच्या पाण्याखाली आहे. दुष्काळात पाणी उतरलं की आई आम्हाला काठावर नेऊन दूरच्या एका उंचवट्याकडं बोट दाखवायची आणि तिथं आमची चिंच होती म्हणायची. आम्हाला तिथं चिखलाशिवाय काही दिसायचं नाही. पाण्याची वीज स्वच्छ असते, पण ती गावं गिळून तयार होते, आणि आमच्याकडं पाऊसच दडी मारतो तेव्हा पाणीही नाही आणि वीजही नाही. पवनचक्कीचं पातं वारा पडला की थबकतं. सौरपट्ट्या सांजेला झोपतात, आणि एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन झाकून टाकतात. अणुकेंद्र दिवसरात्र, पाऊस असो नसो, त्याहून कितीतरी कमी जागेत चालत राहतं. आफरीनचा चौथा मुद्दा हाच होता, जमिनीचा. तो मुद्दा लिहून देताना माझ्या डोळ्यांपुढं नानांचं वावर होतं.

नानांचं वावर म्हणजे तीन एकर गायरान. गायरान म्हणजे सरकारी चराईची जमीन. आमच्या लोकांकडं पिढ्यानपिढ्या वावर नव्हतं. नानांच्या तरुणपणी चळवळीतल्या माणसांनी सांगितलं, पडीक आहे ते कसायला घ्या. तेव्हा नाना आणि मोठ्याई त्या माळावर गेले आणि दगड वेचू लागले. दगड वेचायलाच तीन वर्षं गेली असं मोठ्याई सांगते. मग तिथं ज्वारी आली. सरकारनं अतिक्रमण म्हणून दंड केला आणि दंडाची पावती दिली. ज्या कागदावर आपल्याला गुन्हेगार ठरवलंय, तो कागद आमच्याकडं लोक दागिन्यासारखा जपतात. वावर हा माणूस कसतो, हे सरकारनं स्वतः लिहून दिल्याचा तेवढा एकच पुरावा असतो. नानांचं नाव आधी अतिक्रमणाच्या रजिस्टरातही होतं. पुढं कधीतरी ते रजिस्टर कुणीतरी नव्यानं उतरवून काढलं आणि त्यात नानांची ओळ राहून गेली. मुद्दाम की चुकून, ते आता कुणालाच माहीत नाही.

त्या डिसेंबरात गावात नोटीस लागली. गायरानावर सौरपट्ट्या बसणार, शेतीला दिवसा वीज मिळणार. ज्यांचा कसवणुकीचा दावा असेल त्यांनी मूळ पुरावा घेऊन यावं.

इथं माझी चूक सांगितलीच पाहिजे. दोन वर्षं आधी नानांच्या पेटीला वाळवी लागली होती. ती पावती वाळवीनं खाऊ नये म्हणून मी ती शहरात आणली आणि औरंगपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घेतली. गरम रुळांतून कडक, चकचकीत होऊन ती बाहेर आली तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी दुकानदाराला सुटे पैसेही परत मागितले नाहीत. नानांनी ती भिंतीवर टांगली. नोटीस आल्यावर ते ती घेऊन कचेरीत गेले. साहेबांनी ती उजेडात धरली, उलटी केली, आणि परत दिली. प्लास्टिकखाली मूळ कागद आहे की रंगीत झेरॉक्स, हे कसं ओळखायचं? शाई हाताला लागली पाहिजे, कागद हाताला लागला पाहिजे. लॅमिनेशन केलेला कागद मूळ म्हणून धरता येत नाही.

मी म्हटलं, त्यात काय, सोलून काढू. घरी आणून ब्लेडनं कड कापली, इस्त्रीची ऊब दिली, चिमट्यानं प्लास्टिक उचललं. प्लास्टिकबरोबर अर्धा शिक्का आणि नानांच्या नावातलं पहिलं अक्षर निघून आलं. उष्णतेनं काय चिकटतं आणि काय सुटतं हे मुलांना शिकवणारी बाई मी. टेबलाशी बसून मी त्या दिवशी भरपूर रडले. नानांना सांगायला गावी गेले तेव्हा त्यांनी तो फाटका कागद बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "जाऊ दे माय," ते म्हणाले. "तू जपायलाच गेलतीस."

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी आफरीनला हुरड्याला घेऊन गेले. वावर जायचं असेल तर हा शेवटचा हुरडा, असं कुणी बोललं नाही, पण मोठ्याईनं जवसाची आणि शेंगदाण्याची अशा दोन्ही चटण्या केल्या होत्या, आणि दोन्ही ती एकदम कधी करत नाही. नानांनी वीतभर खोल खड्डा खणला, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. निखारे फुलल्यावर कणसं खोचून लावली. हुरडा चोळण्याचं काम नानांचं. आगटीतून निघालेलं कणीस दुसऱ्या कुणाला हातात धरवत नाही. नाना ते तळव्यात घेऊन दोन-तीनदा फिरवतात, फुंकर मारतात, भुसा उडून जातो, आणि हिरवे, मऊ, वाफाळते दाणे आपल्या ओंजळीत पडतात. आफरीननं पहिली मूठ तोंडात टाकली आणि लगेच दुसरीसाठी ओंजळ पुढं केली.

दाणे खाता खाता मी तिला सांगत होते ते आठवतं. बघ, हा दाणा म्हणजे सूर्य. तीन महिन्यांचं ऊन ह्यात साठलंय. गोवरी म्हणजेही सूर्यच, कडबा बैलानं खाल्ला आणि त्याची गोवरी झाली. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन, जमिनीत गाडलेलं. वारा उन्हानं सुटतो, धरणातलं पाणी उन्हानं ढगात चढतं. आजवर माणसानं पेटवलेली जवळजवळ प्रत्येक आग ह्या एका सूर्याची आहे. युरेनियम तेवढं नाही. आपला सूर्य जन्मायच्याही आधी कुठले तरी तारे मेले, आदळले, फुटले, त्या धडाक्यात ते तयार झालं, आणि पृथ्वी घडली तेव्हा मातीत मिसळून राहिलं. तेव्हापासून ते जमिनीत वाट बघत पडून आहे. आणि सूर्य तरी काय, तोही आतून अणूच्याच आगीवर चालतो. म्हणजे ह्या आगटीच्या मुळाशीही तीच आग आहे. बोलता बोलता माझ्या अंगावर काटा आला. आफरीन म्हणाली, "मॅडम, बस करा, मेरे को चक्कर आ रहे." तिच्याही अंगावर आला होता, तिनं हात पुढं करून दाखवला.

मग नानांनी तिला भाषण म्हणायला लावलं. ती बांधाकडं पाठ करून उभी राहिली, मी मोबाइलवर वेळ लावली. नाना कणसं चोळत ऐकत होते. चौथा मुद्दा आला, जमिनीचा, आणि त्यांचे हात थांबले.

"म्हंजी तुमच्या त्या गोळीला वावर लागत नाय?" त्यांनी मला विचारलं.

मला तो प्रश्न हवाच होता, हे आज कबूल करते. मला त्यांचं वावर वाचवायचं होतं आणि माझी लाडकी गोष्ट त्यासाठी आयती उपयोगी पडत होती. मी भडाभडा बोलले. सौरपट्ट्यांना किती माळरान लागतं आणि अणुकेंद्राला किती कमी, हे सांगितलं. ग्रामसभेत मी येऊन बोलते म्हणाले. पर्याय आहे, मग गरिबाची तीन एकर कशाला झाकता, असं विचारते म्हणाले. नाना विचारात पडले. ते केंद्र कुठं होईल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला पाणी फार लागतं, आपल्याकडं कुठलं पाणी, समुद्राकाठी होईल. तिथं काय हाय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मासेमारी करणारे लोक आहेत, आंब्याच्या बागा आहेत.

"मग तिथं बी कुणीतरी किसन आसंलच की," नाना म्हणाले, आणि पुढचं कणीस घेतलं.

मोठ्याई आगटीतली राख काठीनं बाजूला ओढत होती, तिला ती भांडी घासायला न्यायची होती. तिनं विचारलं, "आन तुमच्या त्या आगीच्या राखंचं काय करत्यात?"

बावीस वर्षांत वर्गात हा प्रश्न मला कुणी एवढा सरळ विचारला नव्हता. मी सांगितलं. म्हटलं, राख थोडीच होते, फार थोडी, पण तिला हात लावता येत नाही. त्यातला कामाचा भाग काढून घेतात आणि जहाल भाग काचेच्या रसात वितळवून त्याची काच करतात. ती काच पोलादी डब्यात बंद करतात. पुढं ती खोल खडकात पुरायची आहे. आणि हजारो वर्षं ती कुणी उकरू नये, हे बघायचं आहे.

"काचंत घालत्यात?" नाना म्हणाले. "म्हंजी लॅमिनेशनच की."

मोठ्याई आधी हसली, मग आफरीन, मग नाना. मीही हसले आणि हसता हसता डोळे पुसायची पाळी आली, आणि ते धुरामुळं नव्हतं. नाना मात्र हसून झाल्यावर निखाऱ्यांकडं बघत राहिले. काचेत घालायचं ज्याला सुचलं तो माणूस मोठाच म्हणायचा, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. आपल्यामागं हजार वर्षांनी जन्माला येणाऱ्या लेकराला इजा होऊ नये म्हणून आज कुणी काच वितळवत बसलंय, हे त्यांना फार मोठं वाटलं. मलाही ते तसं पहिल्यांदाच वाटलं. इतकी वर्षं मी आगीनंच दिपून गेले होते, राखेकडं कधी मान वळवली नव्हती.

"पण माय, हजारो वर्सं राखायचं म्हंजी कुठं पुरलंय त्याची नोंद ठिवावी लागंल," नाना जरा वेळानं म्हणाले. "माझी तर चाळीस वर्सं ठिवता आली नाय."

आफरीननं हे तिच्या भाषणात घातलं. मी अनुकूल बाजूनं उभी आहे, ती म्हणाली, पण माझ्या बाजूनं वीज मागायची असेल तर आधी नोंद ठेवायला शिकावं लागेल. परीक्षकांना ती कुठल्या बाजूनं बोलते आहे तेच कळेना. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र आणून तिनं मला दाखवलं आणि मिश्कील चेहऱ्यानं म्हणाली, ह्याचं लॅमिनेशन करू नका.

मी अजून अणूच्याच बाजूची आहे. आमच्या मुलांना रात्री अभ्यासाला दिवा लागतो, दवाखान्यांत यंत्रं चालायची असतात, शेंद्र्यातल्या कारखान्यांत तीन पाळ्या असतात, आणि आकाश दरवर्षी जास्त तापतं आहे. धूर न ओकता दिवसरात्र चालणारी एवढी मोठी आग दुसरी कुठली आहे, ते मला कुणी दाखवून द्यावं. सौरपट्ट्यांवरही माझा राग नाही. आमच्या गावाला दिवसा वीज हवी होती आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. वर्षानुवर्षं लोक अंधारात साप-विंचवातून पाणी द्यायला जात होते. गायरानावर पट्ट्या बसाव्यात म्हणून गावातल्या बहुतेकांनी सह्या केल्या होत्या. नाना एकटे गावाच्या गरजेच्या आड येत होते आणि ते त्यांना स्वतःलाही कळत होतं. म्हणून मग मी ग्रामसभेत बोलायला गेलेच नाही. त्यांनीच नको म्हणून सांगितलं. आपलं वाचवायला दुसऱ्याचं दाखवायचं नाय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शेवटी एकच वाट उरली. कागद नसेल तर जागेवर येऊन पंचनामा करू, आजूबाजूचे शेतकरी काय सांगतात ते लिहून घेऊ, असं मंडळ अधिकाऱ्यांनी मान्य केलं. फेब्रुवारीअखेरची सकाळ होती. ज्वारी पिवळी पडली होती, कणसांवर पाखरं उतरत होती. साहेब बाजेवर कागद मांडून बसले. नानांच्या वावराला तीन बाजूंनी मोकळा माळ. चौथ्या बाजूला एकच शेजारी, उत्तमराव. म्हणजे साक्ष त्यांचीच.

उत्तमराव गावातले मोठे शेतकरी, विहिरीवर दोन मोटारी. दिवसाच्या विजेची सगळ्यात जास्त गरज त्यांना, आणि पट्ट्यांच्या अर्जावर पहिली सही त्यांची. त्यात नानांशी त्यांचं वैर जुनं. दोघांमधल्या बांधावरून चाळीस वर्षं भांडण चालू होतं. दर नांगरटीला दोघंही बांधाला नांगर घासून जात, आणि दर नांगरटीला शिव्या होत. एकदा प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं होतं. ते साक्ष कशाला देतील, असं सगळे धरून चालले होते. ते आले तेव्हा नानांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोठ्याई पदर तोंडाला लावून खोपीच्या मेढीशी उभी होती. पावती माझ्याच हातून फाटली होती, म्हणून मी मागंच उभी राहिले.

ही जमीन कोण कसतं, साहेबांनी विचारलं. उत्तमरावांनी तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली.

"सायेब, चाळीस वर्सं मी ह्या किसनशी ह्या बांधावरून भांडतोय," ते म्हणाले. "वावर त्याचं नसतं, तर मी काय वाऱ्याशी भांडलो व्हय?"

साहेबांनी मान वर केली, मग खाली घातली आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर उत्तमरावांनी आणखी एक लिहायला लावलं. किसननं माझा हातभर बांध कोरलाय, ते म्हणाले, ते बी लिवा. साहेबांनी तेही लिहिलं आणि पेन नानांपुढं धरलं. सही केली म्हणजे दोन्ही मान्य, त्यांनी समजावलं. वावर कसणं मान्य आणि बांध कोरणंही मान्य.

बांध कोरल्याचं नाना चाळीस वर्षं नाकबूल करत आले होते. पोलिसांपुढं केलं होतं, पंचांपुढं केलं होतं, मोठ्याईपुढंही केलं होतं. त्यांनी पेन हातात घेतलं. पाखरं उठली, परत बसली. मग ते कागदाकडं न बघता म्हणाले,

"हात नाय, सायेब. ईत. ईतभर लिवा."

साहेबांनी उत्तमरावांकडं बघितलं. उत्तमरावांनी बांधाकडं बघितलं.

"ईत तर ईत," ते म्हणाले.

नानांनी सही केली, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले होते तशी, एकेक अक्षर सुटं सुटं. त्यांच्या हाताकडं बघताना मला माझ्या बाजूची माणसं आठवली, अणूची बाजू मांडणारे आम्ही सगळे. आमचा मुद्दा तीन एकरांएवढा खरा आहे. पण आमच्याकडून कोरला गेलेला वीतभर बांध आम्ही कधी कुणापुढं असा लिहून दिला आहे का, ते मला आठवेना.

त्या कागदावर निकाल यायला पुढं आठ महिने लागले. पट्ट्या आल्या, त्या पलीकडच्या खडकाळ माळावर, आणि नानांची तीन एकर वगळली गेली. पण हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहराकडं निघाले तेव्हा उन्हं नुकती वावरावर आली होती. नाना कुदळ घेऊन बांधावर वाकले होते आणि तो वीतभर आपल्याच वावराच्या आत सरकवत होते.